वाटपाचा माल

माझा भाऊ पुण्यात चांगल्या पगारावर आहे आणि पगार वाढत गेला तसतशी त्याला स्वस्त वस्तूंची चटक लागत गेली. गेल्या डिसेंबरात त्याचा फोन आला. मुलांना नाताळची सुट्टी आहे, तर सगळे मिळून साताऱ्याच्या वर, बामणोलीच्या बाजूला, धरणाच्या पाण्याकाठी तंबू ठोकून राहू, असा त्याचा बेत होता. तयार तंबूवाले फार लुटतात म्हणे. म्हणून जागा एका शेतकऱ्याची घ्यायची, तंबू तो त्याच्या मित्राकडून आणणार आणि बाकीचं सगळं सामान मी सांगलीतून भरायचं. "पुण्यापेक्षा तुमच्याकडे सगळं स्वस्त मिळतं, ताई. साधंच घे. वापरायचं आणि तिथंच टाकून यायचं," तो म्हणाला.

मी बरं म्हटलं. त्याला नाही म्हणणं मला कधी जमलं नाही आणि हो म्हटल्यावर चिडायचं मी कधी सोडलं नाही. फोन ठेवून मी भांडी घासायला बसले ती अशी की आतून ह्यांनी विचारलं, आज पातेल्यानं काय केलं. आमचे हे लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झाले आहेत. मी बेत सांगितला तेव्हा ते म्हणाले, उभा जन्म तंबूत झोपायचा सरकारनं मला पगार दिला, आता मेव्हण्याच्या नादानं पदरचे घालून झोपायचं. एवढं बोलून ते पेपर वाचायला लागले. त्यांचा राग एका वाक्यात संपतो. माझा संपत नाही.

आई माझ्याकडेच असते, इथं विश्रामबागेत. रात्री जेवताना मी तिला सांगितलं की पुढच्या आठवड्यात आपल्याला सगळ्यांना कँपला जायचंय, भाऊपण येणार आहे. ती भाकरी मोडत राहिली.

सकाळी उठून बघते तर आई अंघोळ करून, घडीचं लुगडं नेसून कॉटच्या कडेला बसलेली. मांडीवर तिची पिशवी. रेशनकार्ड, आधारकार्ड, बँकेचं पुस्तक, वडिलांचा फोटो असं सगळं तिनं प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळून, वरून गाठ मारून ठेवलं होतं. मी म्हटलं हे काय. तिनं माझ्याकडं न बघता विचारलं, "किती दिस ठिवणार हाय मला तितं?"

मला क्षणभर काही कळलंच नाही. मग कळलं. पुण्यामुंबईत कँप म्हणजे काय असेल ते असो. नदीकाठच्या सांगलीकराला कँप म्हणजे एकच. शाळेचा वर्ग, भिंतीला सरकवलेली बाकं, दोरीवर वाळत घातलेली कुणाकुणाची लुगडी आणि ताट घेऊन लागलेली रांग. कँपला कुणी जात नाही. कँपमध्ये ठेवतात. माझ्या आईला वाटलं, लेकीला आता आपण जड झालो, म्हणून लेक आणि ल्योक मिळून आपल्याला पुन्हा तिथं ठेवून येणार. आणि तसं वाटल्यावर तिनं भांडण केलं नाही. रात्रीत पिशवी भरली.

मी तिच्याशेजारी बसून समजावून सांगितलं. पूर नाही, पाणी नाही, नुसती मजा म्हणून जायचंय, तंबूत राहायचं, चूल पेटवायची, परत यायचं. तिनं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "हौसंनं?" मी म्हटलं हो. तिनं गाठ सोडली, एकेक कागद जागेवर ठेवला आणि म्हणाली की ल्योकाची एवढी हौस आहे तर मी येईन, पण मला कुणापुढं हात पसरायला लावू नका आणि माझा फोटो काढू नका. एवढं जपलंत तर बास.

ही अट कुठून आली ते सांगायला हवं.

आई मूळची सातारा जिल्ह्यातल्या औंधकडची, दुष्काळी भागातली. तिचे वडील म्हणायचे, पोरगी नदीकाठी दिली, आता तिला पाण्याची ददात नाही. दिली ती सांगलीवाडीत, नदीच्या पलीकडं. माझे वडील गेल्यावर ती तिथं एकटी राहायची आणि मी इकडं नदीच्या अलीकडं. मधे आयर्विन पूल. महापुराच्या वेळी ती घर सोडायला तयार नव्हती. मागच्या पुरात पाणी पायरीपर्यंत येऊन गेलं होतं, तसंच ह्याही वेळी जाईल, हा तिचा हिशेब. पाणी पायरी ओलांडून ओट्यावर आलं, तेव्हा बोटीतून बायामाणसं काढायला लागले आणि त्या बोटीनं तिला पलीकडच्याच बाजूला नेऊन उतरवलं. तिथून आष्ट्याकडच्या एका शाळेत, कँपमध्ये. पूल बंद झाला होता. मी अलीकडं घरात कोरडी बसून होते आणि माझी आई पलीकडं होती.

भाऊ सारखा फोन करत होता. ताई, रस्ते बंद आहेत, टीव्हीवर दाखवतायत. टीव्हीवर दाखवत होते तो कोल्हापूरकडचा रस्ता. पुण्याहून आष्ट्यापर्यंत यायला वाट होती. आमच्या ह्यांनी कराडच्या त्यांच्या जोडीदाराला फोन लावून विचारलं होतं, तो स्वतः मोटरसायकलवर तिथं जाऊन आला होता. मी भावाला ते सांगितलं. तो म्हणाला, रिस्क कशाला, ताई, कँपमध्ये सोयी चांगल्या आहेत, तिला तिथंच राहू दे. सोयी चांगल्या आहेत हे त्यानं पुण्यात बसून ठरवलं.

मग तो फोटो आला. कुठल्याशा मंडळाची माणसं कँपमध्ये सामान वाटायला गेली होती आणि त्यांनी फोटो काढून सगळीकडं पाठवले होते. त्यातला एक फिरत फिरत भावाकडं पोचला आणि त्यानं तो आमच्या घरच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'आई सुखरूप आहे. सर्वांचे आभार.' पुढं जोडलेले हात. फोटोत मागं बॅनर आणि पुढं माझी आई. दोन्ही हात पुढं केलेले, त्यात निळं ब्लँकेट, वर बिस्किटांचा पुडा आणि मेणबत्त्या. ब्लँकेटचं दुसरं टोक पांढऱ्या शर्टातल्या एका माणसाच्या हातात आणि तो कॅमेऱ्याकडं बघून हसतोय. आईच्या डोक्यावर पदर नव्हता.

ज्यांना ह्यात काही वाटणार नाही त्यांना मी काय सांगू. माझ्या आईला मी माझ्या लग्नातसुद्धा बिनपदराची पाहिलेली नाही. तो फोटो तिनं स्वतः पाहिला पुढं एका बारशाला. कुणीतरी हौसेनं मोबाईल पुढं केला, काकू, तुमचा फोटो आला होता बघा, आणि भावानं खाली लिहिलेलंही वाचून दाखवलं. आई बघत राहिली. घरी आल्यावर फक्त एवढं म्हणाली की पदर सावरायला हात मोकळा नव्हता, फोटो निघेपर्यंत तो माणूस ब्लँकेट सोडेना. तेव्हापासून कुणी मोबाईल वर धरला की ती तोंड फिरवते.

भावाला ह्यातलं काही माहीत नव्हतं. त्यानं विचारलं नाही आणि आईनं मला शपथ घातली होती की सांगायचं नाही. मी मात्र त्याला काय काय बोलायचं ते मनात पाठ करून ठेवलं होतं. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना मी त्याला फाडून खायचे. प्रत्यक्षात दिवाळीला तो आला की त्याच्या आवडीचा खरवस करायचे.

तर सामान. गणपती पेठेत जायचं ठरलं तेव्हा आई म्हणाली मीबी येते. भावानं फोनवर पाठवलेलं सगळं मी दुकानदाराला वाचून दाखवलं. ब्लँकेटं, प्लॅस्टिकच्या चटया, ताडपत्री, दोरी, बॅटऱ्या, मेणबत्त्या, बिस्किटांचे पुडे, डास पळवायच्या कॉइल, कागदी ताटल्या. वाचता वाचता माझाच आवाज बारीक होत गेला. हे सामान मी आधी कुठं पाहिलंय ते मला कळायला लागलं होतं.

दुकानदार वयस्कर होता, पेठेत पिढीजात दुकान. महापुरात त्याचंही दुकान बुडालं होतं, भिंतीवर पाणी कुठवर आलं होतं त्याची रेघ त्यानं रंग देताना मुद्दाम ठेवली होती. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि सरळ विचारलं, "वाटपाला पायजे का घरला?"

साडीच्या दुकानात विचारतात ना, नेसायची दाखवू का द्यायची, तसंच अगदी. आहेरात द्यायच्या साड्यांचा ढीग वेगळा, त्या नेसायच्या नसतातच, ह्या घरातून त्या घरात फिरायच्या असतात. पण ब्लँकेटातही असं असतं हे मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, स्वस्तातलं दाखवा. त्यानं मागच्या फळीवरून एक गठ्ठा ओढला. निळी ब्लँकेटं, पातळ, एकसारखी. आई पुढं झाली. तिनं एकावर हात फिरवला, उलटं करून पाहिलं, मग तळहात वर धरला. तळहाताला निळी लव चिकटली होती.

"ही येगळीच ठिवता व्हय वाटपाला?" तिनं विचारलं.

दुकानदार म्हणाला, गिऱ्हाईक मागंल तसा माल ठेवावा लागतो, मावशी. मंडळाची लोकं येतात, नग जास्त पायजे आणि पैसा कमी, त्यांना हाच लागतो. तुम्हाला अंगावर घ्यायला असेल तर हा नका नेऊ, ह्यात ऊब नाही, नुसती लव गळते.

"मला वाटायचं, घाईत मिळंल ते आणलं आसंल बिचाऱ्यांनी," आई म्हणाली.

इतकी वर्षं ती त्या पांढऱ्या शर्टवाल्याची बाजू घेत होती. गडबडीत आणलं असेल, दुकानं बंद असतील, त्यांच्या तरी हातात काय होतं. आणि आता तिला कळलं की घाईत काही नव्हतं. निवडून आणलेलं होतं. दुसऱ्याला द्यायचं म्हणून विणलेलं, त्यासाठी वेगळ्या फळीवर ठेवलेलं ब्लँकेट होतं ते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या कँपमध्ये आसपासच्या वाडीवस्तीवरच्या बायकांनी रोज पाट्या भरून भाकऱ्या आणल्या होत्या, ते आई अजून सांगते. ज्या पिठाच्या भाकऱ्या त्या पोरांना घालायच्या त्याच पिठाच्या आणल्या. त्यांनी नव्हते काढले फोटो. मी दुकानदाराला म्हटलं, ठेवा तो गठ्ठा मागं, चांगली दाखवा.

आईनं मला थांबवलं. "त्यानं काय सांगितलंय?"

मी म्हटलं, सांगितलं असेल स्वस्तातलं, म्हणून काय झालं.

"मग ह्येच बांध. पोरांस्नी घरच्या वाकळा न्हिऊ. बाकी समदं ह्येच."

मला तिचा इतका राग आला म्हणून सांगू. ल्योकाचे चार पैसे वाचावेत म्हणून ही बाई पुन्हा त्याच ब्लँकेटात झोपायला तयार होती. रिक्षात मी तिला वाट्टेल ते बोलले. तुला काही मान आहे का नाही, त्यानं तुला तिथं सोडलं आणि तू अजून त्याचा शब्द झेलतेस, मला मात्र एक भाजी खारट झाली तर चार दिवस ऐकवतेस. गठ्ठा आमच्या दोघींच्या मधे होता. आई घर येईपर्यंत बाहेर बघत राहिली. मी तिच्या जुन्या लुगड्यांच्या वाकळा बांधल्या, बाकीचं सामान पोत्यात भरलं आणि आमच्या ह्यांनी गाडीवर टाकून लष्करी गाठी मारल्या. त्या सोडवायला पुढं कोयता लागला.

बामणोलीच्या बाजूची हवा थंड असते, डिसेंबरात तर उन्हातही अंगावर काटा येतो. जागा सुंदर होती, हे रागातसुद्धा कबूल करावं लागलं. पुढं लांबवर पाणी, पलीकडं डोंगर. आई आल्या आल्या पाण्याकडं पाठ करून बसली. भाऊ नव्या जॅकेटात, मुलांच्याही अंगावर नवी जॅकेटं, भावजय चुलीच्या धुरानं डोळे पुसत होती. ती बिचारी चांगली आहे, तिच्याशी माझं भांडण नाही. तंबू उभे राहिले, चहा झाला. ऊन उतरायला लागलं तेव्हा भावानं पोतं उघडलं आणि एकेक वस्तू बाहेर काढून खूश झाला. मस्त, ताई, हेच पाहिजे होतं. मग त्यानं एक ब्लँकेट, त्यावर बिस्किटांचा पुडा, त्यावर मेणबत्त्या अशी रचना केली आणि मोबाईल काढला.

"आई, हे जरा हातात धर. इकडं बघ," तो म्हणाला.

मी हातातली पळी खाली ठेवली. झालं, आता बोलायचंच, असं मी ठरवलं. इतक्या वर्षांचं पाठांतर होतं, सगळं तोंडाशी आलं होतं. पण आईनं माझ्याकडं बघून हात नुसता थोडा वर केला, लहानपणी पाहुण्यांसमोर करायची तसा. मी पळी परत उचलली. ती गुडघ्यावर हात टेकून उठली, त्याच्या हातातलं सामान तिनं घेतलं आणि म्हणाली की वाटप मी करते, रांग लावा.

मुलांना तो खेळच वाटला. ती पळत येऊन उभी राहिली, त्यांच्यामागं भावजय, मग आमचे हे. ह्यांनी माझ्याकडं एकदा पाहिलं आणि काही न बोलता रांगेत जाऊन ताठ उभे राहिले. त्यांना कळलं होतं. शेवटी हसत हसत भाऊ. आईनं मुलांच्या हातात बिस्किटं दिली, वाकळा दिल्या, गालावरून हात फिरवला. भावजयीला, जावयाला दिलं. मग भाऊ पुढं आला. त्यानं एक हात पुढं केला.

"दोनी हात," आई म्हणाली.

त्यानं दोन्ही हात पुढं केले. आईनं त्यावर ब्लँकेट ठेवलं, वर पुडा, वर मेणबत्त्या. दुसरं टोक तिनं एका हातात घट्ट धरून ठेवलं. मोकळ्या हातानं डोक्यावरचा पदर नीट पुढं ओढून घेतला. मग मला म्हणाली, "तुज्या फोनात काढ गं ह्याचा फोटू. खाली लिव, ल्योक सुखरूप हाय. समद्यांचं आभार."

आपले शब्द ऐकून तो हसायचा थांबला. त्यानं ब्लँकेट ओढून पाहिलं. ते सुटेना.

"आई, सोड की."

"फोटू निघूस्तवर सोडत नस्त्यात," आई म्हणाली. आवाज अगदी साधा होता, चहात साखर किती म्हणून सांगावं तसा.

मी फोटो काढला. पहिला हलला म्हणून दुसरा काढला. तेव्हा आईनं टोक सोडलं आणि जाऊन पुन्हा पाण्याकडं पाठ करून बसली. मुलं बिस्किटं फोडत होती. भावाचे हात बराच वेळ तसेच पुढं होते. नंतर तो पोत्याशी गेला, एकेक वस्तू परत आत भरली आणि मेणबत्त्या मोडल्या तर नाहीत ना ते उगाच बघत बसला. त्या रात्री त्याला त्याच्या मित्राची जाड झोपायची पिशवी होती, पण ती त्यानं आईच्या अंगावर घातली.

सकाळी मी उठले तर आई चुलीपाशी आणि भाऊ तिच्यापुढं पाठ करून बसलेला. रात्रभर थंडीनं त्याला झोप लागली नसावी, डोळे लाल होते. नव्या जॅकेटाला पाठभर निळी लव चिकटली होती. आई ती बोटांनी एकेक वेचून काढत होती. मी मागं उभी आहे हे दोघांनाही माहीत नव्हतं.

मागं न वळता तो म्हणाला, "आई, माझ्या बाजूचा रस्ता चालू होता."

"मला ठावं हाय," आई म्हणाली. "हलू नगंस."

ती लव वेचत राहिली. तिनं त्याला माफ केलं की नाही ते मला माहीत नाही, मी विचारलेलंही नाही. मी केलेलं नाही. तो फोटो माझ्या फोनात आहे. ग्रुपवर टाकलेला नाही, पण पुसलेलाही नाही.